तहाचे चित्र कसे वाचावे?

इतिहासाच्या तासाला चित्र दाखविले की वर्ग एकाग्र होतो, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. परंतु बालमनावर चित्र शब्दांपेक्षा खोल ठसते. म्हणूनच चित्रातून झालेला गैरसमज दूर करणे अधिक कठीण असते. युद्धकाळी काढलेल्या चित्रांविषयी तर विशेष सावधगिरी हवी. अभ्यासासाठी त्याचे एक उदाहरण घेऊ.

चित्राचा परिचय : १८९४-९५ साली कोरियावरील वर्चस्वासाठी चीन व जपान यांच्यात युद्ध झाले. त्या वेळी जपानात लाकडी ठशांनी छापलेली रंगीत युद्धचित्रे मोठ्या प्रमाणावर खपत. पुष्कळ चित्रकार रणभूमीवर न जाताच, वृत्तपत्रांतील बातम्यांना कल्पनेची जोड देऊन चित्रे काढीत. मिगिता तोशिहिदे या चित्रकाराने १८९५ साली, तीन कागद जोडून होणाऱ्या अशा एका चित्रात, वेहाईवे बंदरातील चिनी आरमाराची शरणागती रंगविली. चिनी आरमारप्रमुख तिंग जूछांग हा स्वतः जपानी अधिकाऱ्यांपुढे शरण आला आहे, असा त्याचा विषय आहे. जपानी अधिकारी पाश्चात्त्य धर्तीच्या गणवेशात, तर चिनी मंडळी पारंपरिक वेशात आहेत.

प्रत्यक्ष घटना : तिंग शत्रूसमोर कधी आलाच नाही. जपानी सेनापती इतो सुकेयुकी याने पूर्वपरिचयाचा हवाला देऊन त्यास शरण येण्याविषयी पत्र लिहिले होते. तिंगने ते मानले नाही. पुढे वेढा असह्य झाल्यावर १२ फेब्रुवारी १८९५ रोजी पांढरे निशाण लावलेल्या एका लहान युद्धनौकेतून दूत आला. सैनिकांचे प्राण वाचावेत, अशी विनंती करणारे तिंगच्या नावाचे पत्र त्याने इतोस दिले. दुसऱ्याच दिवशी तिंगने अफू घेऊन प्राण दिल्याची वार्ता आली. इतोने त्याचे शव सन्मानाने नेता यावे म्हणून एक चिनी जहाज मुक्त केले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चित्रातील वेशावरून चीनचे सारेच जुनाट होते, असा समज होतो. परंतु याच आरमारातील दोन प्रचंड चिलखती नौका जर्मनीत बांधलेल्या होत्या.

वर्गातील अध्यापन : अशा चित्राविषयी विद्यार्थ्यांस क्रमाने तीन प्रश्न विचारावेत. चित्रात प्रत्यक्ष काय दिसते? हे कोणी व कोणासाठी काढले? चित्रकाराने काय गाळले अथवा पदरचे घातले? पहिल्या प्रश्नास पुरेसा वेळ द्यावा. उत्तर मुलांनीच शोधावे. नंतर प्रत्यक्ष घटना गोष्टीरूपाने सांगावी व दोहोंतील फरक फळ्यावर दोन रकान्यांत मांडावा.

पराभूताचे चित्र पाहून मुले हसतात. ते हसू तसेच राहू दिले, तर इतिहासाच्या पाठातून तुच्छता शिकविल्यासारखे होते. विजयी सेनापतीने मृत शत्रूस दिलेला मान या चित्रात नाही. तो वर्गात सांगणे हे शिक्षकाचे काम आहे.

स्वाध्याय : आपल्या इयत्तेच्या पाठ्यपुस्तकातील युद्धाचे किंवा तहाचे एखादे चित्र निवडून, वरील तीन प्रश्नांच्या आधारे त्याचे पाठटाचण तयार करावे.