नेम का डोलतो?

प्रश्न : दोन महिन्यांपासून संगणकावर दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर उडवतो आहे. उड्डाण जमतं, उतरणंही जमू लागलंय. पण शत्रूचं विमान समोर आलं की माझ्या विमानाचं नाक वर-खाली डोलायला लागतं, गोळ्या कधी वरून तर कधी खालून जातात. वळणात तर ते विमान कुठे गेलं तेच कळत नाही. जॉयस्टिकचा कर्व्ह ४० आणि डेडझोन १० ठेवून पाहिला, फरक नाही. मॉनिटर २७ इंची आहे, जॉयस्टिक साधी, मूठ पिळली की रडर चालतो अशी. महागातली घेऊ का? – एक वाचक, पुणे

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली आहे आणि माझा संशय तिच्यावरच आहे : तुमच्या स्क्रीनवर किती अंशांचं जग दिसतंय?

तुमचा मॉनिटर साधारण ६० सेंटिमीटर रुंद आहे. त्याच्यापासून ६० सेंटिमीटरवर बसलात तर तो तुमच्या डोळ्यांसमोर सुमारे ५३ अंश व्यापतो. म्हणजे ती ५३ अंशांची खिडकी झाली. पण कॉकपिट सगळं मावावं म्हणून बरेच जण त्या खिडकीत ८० ते १०० अंश कोंबतात. त्याला एफओव्ही म्हणतात. तो वाढवला की आजूबाजूचं जास्त दिसतं, पण समोरचं सगळं बारीक होतं.

किती बारीक, ते हिशेबानेच पाहू. मेसरश्मिट १०९ च्या पंखांचा पल्ला साधारण ९.९ मीटर. एक किलोमीटरवरून, मागून पाहिलं तर ते अर्ध्या अंशाहून किंचित मोठं दिसेल, म्हणजे आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढं. १९२० पिक्सेलच्या स्क्रीनवर एफओव्ही १०० असेल तर हे अख्खं विमान ८ पिक्सेलांत उरकतं. ६० अंशांवर ते सोळा-सतरा पिक्सेलांचं होतं आणि ३० अंशांवर सुमारे ३५ पिक्सेलांचं. आठ पिक्सेलांच्या ठिपक्यावर नेम धरताना नाक किंचित घसरलेलं डोळ्याला उशिरा कळतं. उशिरा कळलं म्हणून हात जास्त ओढतो, तोवर नाक पलीकडे गेलेलं असतं, मग हात उलटा ढकलतो. डोलणं सुरू होतं ते इथे. खऱ्या वैमानिकांनाही हा त्रास होतो. दुरुस्ती नेहमी अर्धा क्षण मागे राहते आणि विमान तिच्या मागे झुलत राहतं. दोष हाताचा वाटतो, पण उशीर नजरेचा असतो.

म्हणून आधी झूम हाताशी आणा. जॉयस्टिकच्या बुडाशी जी सरकपट्टी किंवा चाक असतं ते बहुतेक जण थ्रॉटलला देतात. तुमच्याकडे वेगळा थ्रॉटल आला की ते चाक झूमला द्या. तोवर अंगठ्याखालचं एक बटण झूमसाठी राखून ठेवा. शोधताना रुंद, उडताना पन्नास-साठ अंश आणि गोळी झाडताना तीसच्या आसपास. झूम ही लबाडी आहे असं मानणारे पुष्कळ भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. हात लांब करून अंगठा धरला तर तो साधारण दोन अंश झाकतो. आपल्या डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतं ते एवढ्याच तुकड्यात, बाकीचं सगळं अंधुक. खरा वैमानिक ती दोन अंशांची धार हवी तिथे नेतो. स्क्रीनला तशी धार नाही, ती झूम भरून काढतो.

आता वळणात विमान हरवतं त्याबद्दल. तुम्ही हॅट स्विचवर डावं, उजवं आणि मागचं दृश्य बसवलं असणार. पण वळणाच्या झुंजीत शत्रू या तिन्ही ठिकाणी नसतो. त्याच्याकडे नाक वळवायचं म्हणून तुम्ही विमान कलंडवून ओढत असता, त्यामुळे तो तुमच्या डोक्याच्या दिशेने, छताच्या काचेत असतो. समोर-वर, डावीकडे-वर आणि उजवीकडे-वर ही तीन दृश्यं बसवा, बाकीची नंतर. बटण सोडलं की नजर आपोआप समोर येईल अशी सोय निवडा. नजर जिथल्या तिथे अडकून राहिली तर ऐन वळणात दिशेचं भान सुटतं. मागे पाहण्याच्या दृश्यात डोकं थोडं बाजूला आणि पुढे सरकवून ती जागा जतन करा. स्पिटफायरचं छत बाजूंना फुगवलेलं होतं ते याच कामासाठी, डोकं बाहेर काढून मागे पाहता यावं म्हणून.

डोक्याची हालचाल टिपणारं साधन, म्हणजे ट्रॅकआयआर किंवा ओपनट्रॅक हा मोफत प्रोग्राम आणि एखादा वेबकॅम, जमलं तर जरूर घ्या. नव्या जॉयस्टिकपेक्षा त्याने जास्त फरक पडेल. त्यात डोकं वीस-तीस अंश वळवलं की स्क्रीनवरची नजर पार मागे जाते, तुमचे डोळे मात्र मॉनिटरवरच राहतात. इन्फ्रारेडवर चालणारं साधन असेल तर पाठीमागच्या खिडकीचा पडदा ओढून घ्या. उन्हाची तिरीप कॅमेऱ्यात शिरली की दृश्य थरथरतं.

आणि इथेच तुमच्या कर्व्हची आणि डेडझोनची खरी जागा आहे. डोक्याच्या कर्व्हला मध्यभागी सपाट ठेवा, म्हणजे नेम धरताना श्वासाबरोबर दृश्य हलणार नाही. हाताला मात्र हे औषध देऊ नका. साधी जॉयस्टिक मध्यापासून एका बाजूला साधारण २० अंश कलते. १० टक्के डेडझोन म्हणजे त्यातले दोन अंश मेले. नेमाचं सगळं काम त्याच दोन अंशांत चालतं. तिथे हात हलतो आणि विमान ऐकत नाही, मग एकदम ऐकतं. डेडझोन शून्यावर आणा. मध्यावर हात न लावता काटा थरथरत असेल तर एक-दोन टक्के पुरे. कर्व्हचंही तसंच. सरळ रेषेत ४० टक्के घनवक्र मिसळला तर मध्यावर विमानाची चाल ०.६ पट होते आणि टोकाला १.८ पट. म्हणजे मधला सगळा तिखटपणा तुम्ही टोकाला नेऊन ठेवलात. जोरात ओढलेल्या वळणात हात टोकाजवळच असतो, आणि स्पिटफायर तिथे झटक्यात स्टॉल होतं. त्यात स्पिटफायरचा एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग, खऱ्या विमानातही फार हलका होता. काही मॉडेलांवर तो जड करण्यासाठी नियंत्रणाच्या दोऱ्यांना वजनं जोडावी लागली. कर्व्ह १०-१५ ठेवा, तोही फक्त एलेव्हेटरला.

मग हलकेपणाचं करायचं काय? दांडा लांब करा, किंवा निदान खाली न्या. टेबलावर ठेवलेल्या जॉयस्टिकला खांदा उचलून, मनगटाने हलवावं लागतं. मी सुताराकडून दीड हात लांबीची फळी कापून घेतली. ती खुर्चीवर ठेवून तिच्यावर बसतो, पुढे आलेल्या टोकाला जॉयस्टिक शिकंज्याने आवळलेली असते, दोन गुडघ्यांच्या मधोमध. कोपराच्या पुढचा हात मांडीवर टेकतो आणि दांडा बोटांनी हलतो. पहिल्याच संध्याकाळी माझा नेम निम्म्याने शांत झाला. काही जॉयस्टिकना मधे जोडायची नळी मिळते. फिरण्याच्या टेकूपासून मुठीपर्यंतचं अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच कोनाला हाताला दुप्पट अंतर मिळतं.

एक तपासणी आजच करा. विंडोजमध्ये जॉयस्टिक तपासण्याची खिडकी असते, ती उघडा, दांडा अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि फुली पाहा. ती मधेच उडी मारत असेल तर आतल्या पोटेन्शिओमीटरचा कार्बनचा पट्टा झिजला आहे किंवा त्यावर धूळ बसली आहे. माझ्या जुन्या जॉयस्टिकला हाच आजार होता. मी तीन आठवडे कर्व्ह बदलत बसलो, दांडा उघडल्यावर पट्ट्यावर नखाएवढी चकचकीत रेघ दिसली. तसं निघालं तर मात्र नवी घ्या, आणि चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरची घ्या. त्यात घासणारा भागच नसतो.

शेवटी ट्रिम. हॅटजवळची दोन बटणं त्याला द्या. पाठलागाचा वेग साधारण ठरला की विमान हात सोडून सरळ जाईल असं ट्रिम करा, मग गोळी झाडा. स्प्रिंगविरुद्ध सतत ढकलणारा हात बारीक काम करूच शकत नाही.

प्रश्न : मेसरश्मिट १०९ मध्ये नेमाचं वर्तुळ अर्धंच दिसतं, तेही उजवीकडे. प्रोग्राममध्ये चूक आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : चूक नाही, विमान तसंच होतं. त्यातली रेव्ही ही नेमयंत्रणा मध्यरेषेच्या उजवीकडे, वैमानिकाच्या उजव्या डोळ्यासमोर बसवलेली असे. तिचं वर्तुळ काचेवर छापलेलं नसतं. भिंगातून समांतर किरण येतात आणि डोळा त्या झोतात असला तरच ते दिसतं. स्क्रीनला एकच डोळा आहे आणि तो मधोमध बसलाय. डोकं दोन-तीन सेंटिमीटर उजवीकडे सरकवा, वर्तुळ पूर्ण होईल. ती जागा जतन करून एका बटणावर ठेवा. डोकं सरकवल्याने नेम बिघडेल ही भीती नको. समांतर किरणांमुळे वर्तुळ दूरच्या लक्ष्यावरच राहतं.

प्रश्न : डीसीएस या सिम्युलेटरमध्ये मिग-२१ उडवतो. त्याला स्पिटफायरसारखाच कर्व्ह चालेल का? – एक वाचक, ओझर

उत्तर : तुमच्या गावच्या कारखान्यात बांधलेलं विमान तुम्ही उडवता आहात, म्हणून त्याच्या पोटातली एक गोष्ट सांगतो. मिग-२१ मध्ये एआरयू नावाची यंत्रणा आहे. वेग आणि उंची पाहून दांड्याच्या किती हालचालीला शेपटीचा आडवा पंख किती फिरावा, हे प्रमाण ती स्वतः बदलते. संथ गतीत पंख भरपूर फिरतो, जमिनीलगत भरधाव जाताना तेवढ्याच ओढीला थोडा. म्हणजे विमानाचा स्वतःचा कर्व्ह आहे आणि तो उडताना बदलत असतो. तुमचा शून्यावर ठेवा, आणि वेग वाढताना पॅनेलवरचा एआरयूचा काटा कसा सरकतो ते पाहा.