महाशीर माशाची जात कशी ओळखावी?

नदीत किंवा तलावात मत्स्यबीज सोडण्यापूर्वी ते कोणत्या जातीचे आहे, याची खात्री करून घेणे अत्यंत आवश्यक असते. दिसण्यात सारख्या वाटणाऱ्या माशांत भिन्न जाती दडलेल्या असू शकतात. कावेरी नदीतील महाशीर हे याचे उत्तम उदाहरण होय.

कावेरीच्या खोऱ्यात बैलाच्या वशिंडासारखा पाठीवर उंचवटा असलेला, केशरी परांचा महाशीर आढळतो. १९४६ साली तेथे १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलोग्रॅम वजनाचा मासा गळाला लागला होता. असे असूनही या माशास निश्चित शास्त्रीय नाव नव्हते. निळसर परांचा महाशीर, टॉर खुद्री, ही जात निराळी. तिचे वर्णन साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील माशांवरून केले. या जातीची लोणावळा येथे वाढविलेली बोटुकली पुढे कावेरीतही सोडण्यात आली. १९९८ ते २०१२ या काळातील गळाच्या नोंदींत निळसर परांचे मासे वाढलेले, तर वशिंडाचे मासे घटलेले दिसतात. शिवाय वशिंडाचे जे मासे मिळाले ते बहुधा मोठेच होते. म्हणजे नवी पिढी तयार होत नव्हती.

२०१८ साली शास्त्रज्ञांनी मोयार नदीतील वशिंडाच्या माशांची शरीररचना व जनुके तपासली. तेव्हा हा मासा म्हणजेच २००७ साली केरळातील पांबार नदीतून वर्णिलेला टॉर रेमादेवी होय, असे सिद्ध झाले. ते मूळ वर्णन लहान वयाच्या माशांवरून केले असल्याने दोहोंतील नाते लक्षात आले नव्हते. त्याच वर्षी ही जात अतिसंकटग्रस्त ठरविण्यात आली.

जात ओळखण्यासाठी सामान्यतः तपासला जाणारा जनुक केवळ मादीकडून पिलांत येतो. त्यामुळे संकर झाला आहे किंवा नाही, हे केवळ त्यावरून कळत नाही. म्हणून शरीराची मापे, खवल्यांची संख्या व परांचा रंग यांची नोंदही तितकीच महत्त्वाची ठरते.

मच्छीमार बंधूंनी व सहकारी संस्थांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. निराळा मासा आढळल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे. स्थळ व दिनांक लिहून ठेवावा.

२. जनुक-तपासणीसाठी पराचा लहानसा तुकडा तीव्र मद्यार्कात ठेवावा. फॉर्मॅलिन वापरू नये. त्याने जनुकद्रव्य खराब होते.

३. निरनिराळ्या नद्यांतील नर-माद्या प्रजननासाठी एकत्र करू नयेत.

४. एका खोऱ्यातील महाशीराचे बीज दुसऱ्या खोऱ्यात सोडू नये.

एकदा नदीत मिसळलेले बीज पुन्हा वेगळे काढता येत नाही. म्हणून बीजाची पारख ते पाण्यात सोडण्यापूर्वीच झाली पाहिजे.