नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

मुदत ठेवीचा अर्ज भरताना ‘वारस कोणाला लावायचा?’ असे आपल्याकडे सहज विचारले जाते. विचारायचे असते ते ‘नॉमिनी’विषयी, ओठी येतो तो ‘वारस’ हा शब्द. वारसाला इंग्रजीत ‘एअर’ असा स्वतंत्र शब्द आहे. या दोहोंची सरमिसळ कुटुंबात वादाचे कारण ठरू शकते.

‘नॉमिनी’ हा शब्द ‘नाव’ या अर्थाच्या लॅटिन ‘नोमेन’च्या कुळातील. ज्याच्याबाबत क्रिया घडते, तो त्यातील ‘ई’ या प्रत्ययाने दर्शविला जातो. एम्प्लॉयी म्हणजे नोकरीवर नेमलेला, तसा नॉमिनी म्हणजे नामनिर्देशित. पुरस्कारासाठी नाव सुचविलेल्यासही नॉमिनीच म्हणतात. ‘एअर’च्या लेखनातील आरंभीच्या ‘एच’चा उच्चार होत नाही, म्हणून त्यापूर्वी ‘ॲन’ हे उपपद येते. थोडक्यात, नॉमिनी आपण नेमतो. एअर नात्यामुळे कायद्याने ठरतो.

बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ४५ झेडए नुसार ठेवीदाराच्या पश्चात बँक नॉमिनीला रक्कम देते व तिची जबाबदारी संपते. मात्र त्यामुळे वारसांचा हक्क संपत नाही. बँक ठेवीवरील नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, तिचा मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे.

समजा, एका हिंदू ठेवीदाराने विवाहापूर्वी सहा लाखांच्या ठेवीवर थोरल्या बंधूंचे नाव दिले. पुढे मृत्युपत्र न करता त्यांचे निधन झाले. मागे पत्नी, एक कन्या आणि ते बंधू. बँक रक्कम बंधूंच्या हाती देईल. परंतु हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी व कन्या यांचा त्यावर प्रत्येकी तीन लाखांचा हक्क आहे; बंधूंचा वाटा शून्य. त्यांनी रक्कम दिली नाही, तर मायलेकींना न्यायालयाची पायरी चढावी लागेल.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यास चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. सुविधा वाढली, तरी शब्दाचा अर्थ तोच आहे. म्हणून विवाह, अपत्यजन्म अथवा कुटुंबातील मृत्यू यांनंतर नामनिर्देशन अवश्य तपासावे आणि ठेव कोणाच्या मालकीची व्हावी, ही इच्छा मृत्युपत्रात नोंदवावी. काउंटरवरील आपण सहकाऱ्यांनीही ‘वारस’ न म्हणता ‘नामनिर्देशित व्यक्ती’ असेच विचारावे.