आधी जुनी डिस्क काढायला लावा

राहुरीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. मशीनवर उबुंटू. सगळे अर्जांचे नमुने आणि प्रतिज्ञापत्रं एकाच 500 जीबीच्या हार्ड डिस्कवर. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा एकेक नमुना उघडून दुरुस्त केलेला. ती डिस्क टिकटिक करायला लागली म्हणून 480 जीबीची एसएसडी घेऊन नगर गाठलं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्यानं मशीन चालू करून दाखवलं. माझाच डेस्कटॉप, माझ्याच फायली. "झालं क्लोन, काका. जुनी डिस्क राहू द्या इथंच, भंगारात दोनशे देतो." मी नको म्हटलं. त्या दिवशी सुचलेली तेवढीच अक्कल. हजार रुपये मोजून आलो.

दुकानात जुनी डिस्क काढली, बटण दाबलं. काळा पडदा, बूट होण्याजोगी डिस्कच नाही म्हणे. फोन केला तर साहेब म्हणतात, "माझ्याकडं तर चालू होतं. लिनक्सचं असंच असतं, विंडोज टाकून घ्या."

रात्री जुनी डिस्क परत जोडली, तर निमूट चालू. टर्मिनलमध्ये एलएसब्लक मारलं आणि डोक्यात प्रकाश पडला: रूट जुन्या डिस्कवर! माझीच जुनी डिस्क चालवून दाखवून त्यानं माझ्याकडून पैसे घेतले होते. चालू व्हायला पूर्वीइतकाच वेळ लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आणि डिस्क दोनशेला देऊन आलो असतो तर?

त्यानं नुसत्या फायली उतरवल्या होत्या. 500 ची डिस्क 480 मध्ये जशीच्या तशी बसत नाही, हे तोंडानं सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं त्याला?

तुमच्यावर अशी वेळ आली तर जुनी डिस्क बाहेर ठेवून लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. नवं पार्टिशन माउंट करा, डेव्ह, प्रॉक, सिस बाइंड करा आणि सीएचरूटनं आत शिरा. ब्लकआयडीनं नवा यूयूआयडी बघून एफएसटॅबमधला जुना बदला. मग ग्रब-इन्स्टॉल, तेही पार्टिशनवर नाही, अख्ख्या डिस्कवर, शेवटी अपडेट-ग्रब. यूईएफआयचं मशीन असेल तर आधी ईएफआय पार्टिशनही माउंट करावं लागतं. मी स्वॅपची ओळ बदलायला विसरलो, तर मशीन दर वेळी दीड मिनिट त्या नसलेल्या पार्टिशनची वाट बघत बसायचं.

क्लोनझिलानं किंवा डीडीनं अख्खी डिस्क उतरवली तर भानगड उलटी. दोन्हींचा यूयूआयडी एकच येतो, म्हणून दोन्ही जोडून मशीन चालू करू नका.

बॅकअप ठेवा, हे काय सांगायचं. पण दुकानदाराच्या टेबलावरच जुनी डिस्क काढायला लावा, मशीन चालू होऊ द्या, मग खिशात हात घाला.

मी पैसे परत मागितले. कामाचे पैसे परत होत नसतात, असं उत्तर आलं. आता नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे खात भांडायला कोण जाणार?