गरज आणि शोध : एम्प्रेस मिलचा धडा

‘गरज ही शोधाची जननी आहे’ असे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण हे पूर्णपणे खरे असते, तर सर्वाधिक शोध गरीब देशांतच लागले असते. कारण तेथे गरजांना तोटा नसतो. मग गरीब देशातील उद्योजक नवे काही करण्यास केव्हा प्रवृत्त होतो? अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने या प्रश्नाचे उत्तर मी आपल्या नागपुरातच शोधण्याचे ठरविले.

शुंपीटर या अर्थशास्त्रज्ञाने ‘नवप्रवर्तन’ आणि ‘शोध’ यांत फरक केला आहे. नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा पुरवठा किंवा नवी संघटना व्यवहारात आणणे म्हणजे नवप्रवर्तन. शोध दुसऱ्याचा असला तरी चालतो.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात सुरू झाली. कापडगिरण्यांचे माहेरघर तेव्हा मुंबई होते. परंतु कापूस इकडे पिकत होता आणि 1867 सालीच रेल्वे नागपुरास पोहोचली होती. उणीव होती ती कसबी कामगारांची.

लँकेशायरमध्ये सूत कातण्यासाठी ‘म्यूल’ यंत्र वापरीत. ते चालविण्यास मुरलेला कारागीर लागे. अमेरिकेत ‘रिंग’ चाती प्रचारात आली होती. तिच्यावर पीळ देणे व सूत गुंडाळणे अखंड चाले आणि कमी अनुभवी कामगारही ते काम करू शके. टाटा, व्यवस्थापक बेझनजी मेहता व तंत्रज्ञ ब्रुक्सबी यांनी 1880 नंतरच्या दशकात ही चाती येथे चालवून पाहिली आणि उत्पादन वाढते असे दिसल्यावर तिचा स्वीकार केला. लँकेशायरचे बहुतेक मालक मात्र म्यूललाच धरून राहिले. त्यांचा पैसा जुन्या यंत्रांत गुंतला होता आणि कसबी कामगार हाताशी होते.

कामगारांच्या गैरहजेरीचा प्रश्नही मिलपुढे होता. तेथे 1886 साली निवृत्तिवेतन निधी आणि 1895 साली अपघात भरपाई सुरू झाली. माझ्या मते हेही नवप्रवर्तनच होय.

परंतु याच शहरात हलबा व कोष्टी विणकर हातमाग चालवीत होते. गिरणीच्या कापडाशी टक्कर देताना त्यांची गरज टाटांहून कितीतरी मोठी होती. तरी नवे यंत्र मागवून पाहणे त्यांना शक्य नव्हते. टाटांचा प्रयोग फसता, तर वर्षाचा नफा घटला असता. विणकराचा फसता, तर घरची चूल विझली असती.

म्हणून मला वाटते की, अडचण माणसाला विचार करावयास लावते, पण पुढचे पाऊल टाकण्यासाठी दोन गोष्टी लागतात : बाहेरच्या ज्ञानाशी संबंध आणि एक अपयश पचविण्याइतका आधार. एम्प्रेस मिल 1986 साली राज्य शासनाच्या ताब्यात गेली आणि 2002 साली बंद पडली. गरज तर तेव्हाही होतीच. आज बेकार तरुणाला ‘काहीतरी नवे कर’ असा उपदेश करणाऱ्यांनी आधी हे विचारावे की, त्याचा पहिला प्रयत्न फसला, तर दुसऱ्यासाठी त्याच्यापाशी काय उरेल?