तारीख आठवत नाही, तरी तपासणीला जाच

प्रश्न : ऊसतोडीवरून गावी आलोत. पाळी चुकली आहे, पण शेवटची कधी आली ते आठवत नाही. दवाखान्यात तारीख विचारतील म्हणून जायला संकोच वाटतो.
– एक वाचक, ता. गंगाखेड

उत्तर : ताई, तारखेपायी थांबू नका. आशाताईंकडे लघवी तपासायचं ‘निश्चय’ किट असतं. दिवस गेले असतील तर उपकेंद्रात लगेच नाव नोंदवा. नोंदणी १२ आठवड्यांच्या आत व्हायला हवी. रक्त, बीपी तपासून घ्या, फोलिक अ‍ॅसिडची गोळी मागून घ्या.

तारखेसाठी सण आठवा. पाळी होळीआधी आली की पाडव्यानंतर? तेव्हा फडावर होतात की घरी? एवढंही डॉक्टरांना पुरतं. बाकीचं सोनोग्राफी सांगते, पण ती लवकर करा. पहिल्या तीन महिन्यांत अंदाज साधारण आठवड्याच्या आत बसतो, शेवटी तोच तीन आठवडेही चुकतो. बाळंतपणाची तारीख कळली, की मुकादमाची उचल घेण्याआधी यंदा कारखान्यावर जायचं की नाही, हे घरात बोलता येईल. ते जरूर बोला.

पोटात एका बाजूला जोराची कळ, अंगावरून रक्त किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.