सिलिंडरवरची तारीख आधी वाचा

दुकानदाराशी भांडता येतं. मुलीच्या सरांशी भांडता येत नाही. पहिली रायफल घेताना पालक अडकतात ते इथेच. रायफल सुचवणारे सर, ती कुणाकडून घ्यायची हे सांगणारे सर, पैसे कुणाच्या हातात द्यायचे तर तेही सर, आणि उद्या सकाळी रेंजवर मुलीच्या मागे उभं राहून तिचा होल्ड बघणारेही सरच. तोंड उघडलं तर त्रास कुणाला होणार, हे आईला न सांगता कळतं.

आधी नातेवाइकांनी घातलेला घोळ निस्तरते. आम्ही रायफल घेतोय म्हटल्यावर भाच्याला मोबाइलच्या गेममधली सेमी-ऑटोमॅटिक आठवली. टेक्सासमधल्या दिरांनी तर फोनवरच शिकवणी घेतली. 'वहिनी, पहिली रायफल म्हणजे रुगर टेन ट्वेंटी-टू. सरळ पॉइंट टू-टू घ्या, धक्का नाही, गोळ्या स्वस्त. पॉइंट टू-टू-थ्री वगैरे नंतर बघू.' तिथल्या हिशोबाने त्यांचं बरोबरच आहे. ती रायफल १९६४ पासून बाजारात आहे आणि तिकडे अनेकांचा श्रीगणेशा तिच्यावरच होतो. पण मुलुंडमध्ये सेमी-ऑटोमॅटिक रायफल ही दुकानात जाऊन निवडायची वस्तू नाही. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. .२२ ची काडतुसाची रायफल घ्यायची तरी परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात.

शिवाय रायफलच्या खेळात सेमी-ऑटोमॅटिकची गरजच नसते. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, ते एकेक गोळी भरून मारायच्या .२२ रायफलवर. सेमी-ऑटोमॅटिक दिसते ती राही सरनोबतच्या खेळात, २५ मीटर पिस्तुलात. आमच्या मुलीला खेळायचं होतं १० मीटर एअर रायफल. शेजारच्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला ज्यात विश्वविजेता झाला, तोच प्रकार.

या प्रकारात कॅलिबर निवडायचा प्रश्नच उद्भवत नाही. .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर, बस्स. तरीही एका दुकानदाराने .२२ ची एअरगन पुढे सरकवली. 'मोठा बोअर, जास्त पॉवर, मुलं मोठी झाल्यावरही चालेल.' म्हणजे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा तसं! ती रायफल कुठल्याही अधिकृत १० मीटर स्पर्धेत चालत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ च्या वर किंवा २० जूलच्या वर गेलात की एअरगनलाही परवाना लागतो, हे तर तो बोललाच नाही. स्पर्धेच्या एअर रायफलमधून छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो. जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, म्हणजे ताकद साडेसात जूलच्या आसपास. ताकद हवीय कुणाला? लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. लागतो तो सारखेपणा. आणि .२२ ची एअरगन आणि .२२ ची काडतुसाची रायफल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे घरातल्या काका-मामांना एकदाच बसवून सांगा.

आता सरांकडे वळते. रेंजचं नाव लिहीत नाही, सरांचंही नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

नवी जर्मन रायफल लाखांच्या घरात जाते, म्हणून पहिली रायफल बहुतेकजण जुनी घेतात. त्यात गैर काही नाही. या रायफलींच्या बॅरलला सहसा काही होत नाही, वर्षानुवर्षं टिकतात. सरांनी एका माजी विद्यार्थ्याची रायफल आणली, लाकडी स्टॉकची, नामांकित कंपनीची. मी तीन गोष्टी विचारल्या होत्या. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर गावभर असं पसरवलं गेलं की आईला काही कळत नव्हतं आणि तिनेच घाई केली.

पहिलं, मुलीचा डावा डोळा जोरकस आहे, तर उजव्या हाताची रायफल चालेल का? उत्तर : 'सवय होते.' दुसरं, बिल मिळेल का? उत्तर : 'ताई, आपल्यात बिल कसलं!' तिसरं मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, सिलिंडर ठीक आहे ना? उत्तर : 'एकदम ओके, टेन्शन नका घेऊ.' सोबत अंगठा. तो अंगठा माझ्याकडे अजून जपलेला आहे.

मग पहिली मोठी स्पर्धा आली. गोळ्या झाडायच्या आधी सामानाची तपासणी असते : रायफल, जॅकेट, पँट, बूट, सगळ्याची. रायफल साडेपाच किलोच्या आत हवी. कापडाची जाडी मोजतात, कडकपणाही मोजतात. टेबलामागच्या बाईंनी आमची रायफल वजनाला लावली, मान डोलावली. मग नळीखालचा सिलिंडर बोटांनी हळूहळू फिरवला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि धातूवर कोरलेले आकडे वाचले. पुन्हा वाचले. 'हा वापरता येणार नाही. मुदत संपलीय.' आवाजात राग नाही, काही नाही. रायफल एका बाजूला ठेवली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

मला आधी कळलंच नाही. दुधाच्या पिशवीला मुदत असते, सिलिंडरला? असते. त्यात २०० बारपर्यंत दाबाने हवा भरलेली असते. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असते, म्हणजे बघा. आणि हा सिलिंडर मुलीच्या डाव्या हाताजवळ, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात आणि सिलिंडर मुदतीत असणं ही स्पर्धेच्या नियमांत खेळाडूचीच जबाबदारी धरली जाते. आमच्या सिलिंडरवरची मुदत आम्ही रायफल विकत घेतली त्याच्या कितीतरी आधीच संपलेली होती.

सर चार पावलांवर होते. फोनमध्ये बघत. मी हाक मारली तेव्हा आले, सिलिंडरकडे नजरही न टाकता म्हणाले, 'ताई, हे तुम्हीच बघायला हवं होतं ना.'

ज्या माणसाने ती रायफल आणली, दर आठवड्याला जो स्वतःच्या हाताने तो सिलिंडर काढून मोठ्या टाकीवर लावून भरत होता, आकडे ज्याच्या अंगठ्याखाली होते, तो मला म्हणाला, तुम्हीच बघायला हवं होतं! आणि ते मुलीसमोर, इतर पालकांसमोर. एका भल्या बाईने स्वतःच्या मुलाचा जादा सिलिंडर देऊ केला, पण कंपनी वेगळी, आटे वेगळे, तो बसेना. मुलगी ते कडक जॅकेट घालून पालकांच्या बाकावर बसून राहिली. तिने जॅकेट काढलंही नाही. मला त्या स्पर्धेचा निकाल आठवत नाही, सरांचा तो फोनवर फिरणारा अंगठा आठवतो.

नंतर इतरांकडून कळलं की माजी विद्यार्थ्याला मिळालेली रक्कम आणि आम्ही दिलेली रक्कम यांत बरंच अंतर होतं. सर मधले पैसे घेतात हे सगळ्यांना माहीत होतं. मला सांगितलं कुणीच नाही, कारण सगळ्यांचीच मुलं तिथे शिकतात.

असो. पुढच्या आयांसाठी आणि बाबांसाठी लिहिते.

जुनी रायफल हातात आली की नळी, स्टॉक, नंबर, काहीही बघायच्या आधी सिलिंडर फिरवा आणि त्यावर कोरलेला महिना आणि साल वाचा, त्याचा फोटो काढा, तो फोटो विकणाऱ्याला पाठवा आणि 'ही तारीख आहे, बरोबर?' असं लिहून घ्या. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत आधी विचारा आणि ती किमतीतून वजा करा. सिलिंडर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला बसणारा लागतो आणि तो बाहेरून मागवावा लागतो, तेव्हा स्पर्धा तोंडावर असताना तो मिळेल या भरवशावर राहू नका.

डोळ्याची चाचणी घरीच होते. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहतं तो जोरकस. डावा निघाला तर लाकडी उजव्या स्टॉकच्या वाटेला जाऊ नका. ॲल्युमिनियमच्या बऱ्याच स्टॉकला ग्रिप आणि चीक पीस बदलून डावं-उजवं करता येतं. वाढत्या मुलांसाठी तेच बरं, कारण बट प्लेट मागेपुढे सरकते. आठवीतल्या मुलीला पुरुषाच्या मापाची रायफल दिली की ती पाठ वाकवून तोल सांभाळते आणि मग तीच तिची पद्धत होऊन बसते. नंतर ती सोडवायला दुसरे सर लागतात. आम्हाला लागले.

पहिले काही महिने रायफल घेऊच नका, रेंजची वापरा. हे सगळेच सांगतात आणि कुणी ऐकत नाही. त्या काळात पैसे जॅकेट आणि बुटांवर घाला, तेही नीट मापाचे. छर्रे एकाच डब्यातले सारखे वापरा. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा वेगवेगळा मिळतो, आणि कुठला छर्रा कुठल्या नळीला जुळतो ते फक्त मारून बघूनच कळतं. शांत राहा, सराव नियमित ठेवा, वगैरे तर आहेच.

बिल घ्या. मालकाच्या सहीचं पत्र आणि रायफलचा नंबर घ्या, दोन्ही पाकिटात ठेवा. लांब पेटी घेऊन मुलुंडहून दादरला, तिथून वरळीच्या रेंजला जाताना कुणीही विचारू शकतं, आणि विचारलं तर बिघडत नाही, फक्त हातात कागद हवा. महिलांच्या डब्यात तर 'हे व्हायोलिन का?' एवढंच विचारतात. हो म्हटलं तर वाजवून दाखवा म्हणतात.

आणि शिकवणाऱ्याकडून विकत घेऊ नका. घ्यायचीच असेल तर त्याच रेंजवर न शिकणाऱ्या, ओळखदेख नसलेल्या माणसाला रायफल दाखवा. सगळे सर असे नसतात हे मलाही माहीत आहे. पनवेलला सुमा शिरूर यांनी किती मुलं घडवली ते सगळा महाराष्ट्र बघतोय. पण चांगल्या सरांनाही तुम्ही तारीख वाचलेली आवडेलच. ज्यांना आवडत नाही, त्यांच्याबद्दल मला काही सांगायला उरलं नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. उरलेली फी मात्र मागितली गेली, तीही मुलीच्या हातून निरोप पाठवून. आम्ही रेंज बदलली, नवा सिलिंडर मागवला, तो यायला वेळ लागला. त्या रायफलवर ती आता शेजारच्या रेंजवर खेळते, स्टॉक तेवढा बदलायचा राहिलाय.

मध्यंतरी पालकांच्या ग्रुपवर, ज्यातून मला कुणी काढलं नव्हतं, सरांचा संदेश आला. दुसरी एक जर्मन रायफल, उत्तम अवस्थेत, नवोदितांसाठी योग्य, चौकशी व्यक्तिगत करावी. तीन फोटो होते, तिन्ही वरून काढलेले. मी खाली लिहिलं, 'सर, सिलिंडरच्या खालच्या बाजूचा फोटो टाकाल का? तारीख दिसेल असा.' दोन पालकांनी लगेच 'हो, आम्हालाही' असं लिहिलं. फोटो आला नाही. रात्री मला ग्रुपमधून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या दोघांपैकी एकीचा फोन आला, तारीख नेमकी कुठे कोरलेली असते विचारायला.